जनगणनेचा रकाना आणि दादीचं जातं

1991 च्या फेब्रुवारीत बोदवडला आमच्या घरी जनगणनेसाठी एक गुरुजी आले. बोदवड तेव्हा तालुका झालेला नव्हता. स्टेशन, कापसाचा बाजार आणि पाण्याची कायमची ओरड, एवढीच गावाची ओळख. अब्बांनी ओसरीवर खाट टाकली, चहा मागवला. गुरुजी नावं, वयं, शिक्षण, धंदा असं एकेक विचारत फॉर्म भरत होते. मग मातृभाषेचा रकाना आला.

अब्बा म्हणाले, "उर्दू लिहा."

मी बारावीत होतो. शाळा मराठी माध्यमाची, आणि नुकतंच एका कवितेला बक्षीस मिळालेलं. डोक्यात वारं होतंच. मी म्हणालो, "माझी मराठी लिहा, सर." अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घर सोडून निघालोय. गुरुजींचं पेन थांबलं. आत दादी जात्यावर कळणा दळत बसली होती. ज्वारीत उडीद मिसळून केलेल्या त्या पिठाची भाकरी आमच्याकडे ठरलेली. गावात विजेची चक्की येऊन कैक वर्षं झाली होती, पण कळणा मात्र ती चक्कीवर देत नसे. वातावरण हलकं करायला गुरुजींनी आत पाहत विचारलं, "आजी, तुमची भाषा कोणती?"

जातं न थांबवता ती म्हणाली, "जो बोलती वो लिखो, मास्तर."

सगळे हसले. गुरुजींनी सगळ्या घरासमोर 'उर्दू' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

जनगणनेत मातृभाषेची व्याख्या फार साधी आहे: लहानपणी आई ज्या भाषेत तुमच्याशी बोलली ती. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. म्हणजे अब्बांच्या रकान्यात काय यायला हवं होतं, ते सांगण्याचा अधिकार त्या घरात एकाच माणसाला होता, आणि तिचं उत्तर आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

दादी बोलायची ती भाषा कशी होती? घरात 'मेरे कू', 'तेरे कू', 'हव'. शेजारच्या पाटलीणबाईंशी पक्की तावडी, जी जामनेर-भुसावळ-बोदवड पट्ट्यात बोलतात. नमाजच्या दुआ अरबीत, त्यातला एकही शब्द न समजता आणि एकही न चुकता. आणि जात्यावर ओवी. ओवी मराठीत असायची. भावाला ती एरवी 'भाई' म्हणायची, पण जात्यावर बसली की तोच भाऊ 'बंधू' व्हायचा. ईदेला बांगड्या घेऊन येणारा बंधू, मलकापूरच्या वाटेनं येणारा बंधू. तो 1950 च्या आसपास कामासाठी मुंबईला गेला आणि फार कमी वेळा परत आला. बोलताना दादी त्याचं नावही काढत नसे. ओवीत मात्र तो दर पहाटे यायचा.

एका माणसाच्या तोंडात इतक्या भाषा असतील तर तिची ओळख कोणत्या भाषेवरून ठरवायची? मला वाटतं, ती जिच्यात रडते तिच्यावरून. दादी मराठीत रडायची आणि आमच्या घरातल्या कुणालाच, अगदी मलाही, ते सोयीचं नव्हतं.

आता थोडं मागं जाऊ. बोदवडहून मुक्ताईनगरमार्गे बऱ्हाणपूर दीड-दोन तासांवर आहे. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी खानदेशची राजधानी तेच होतं. फारुकी सुलतानांनी हे शहर वसवलं आणि खुलताबादला चिरनिद्रा घेणाऱ्या शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, 1506 मध्ये, या शहरात शेख बहाउद्दीन बाजन वारले. गुजरातेतून आलेले हे सूफी. त्यांनी ग्रंथ फारसीत लिहिला, पण त्यात गाण्यासाठी रचलेल्या 'जिकऱ्या' लोकांच्या बोलीत घातल्या. त्या बोलीला त्यांनी कुठे 'हिंदवी' म्हटलं, तर कुठे 'देहलवी'. उर्दूच्या इतिहासात बाजन यांचं नाव अगदी सुरुवातीच्या कवींत घेतलं जातं, पण 'उर्दू' हा शब्द भाषेचं नाव म्हणून त्यांनी कधी ऐकला नसेल. ते नाव रुळायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला.

अब्बांच्या ठाम 'उर्दू लिहा' पुढे मला हे ठेवायचं आहे, पण त्यांना खोटं पाडण्यासाठी नाही. गाणं आधी आलं आणि नाव नंतर, एवढंच. आपल्याच शेजारच्या शहरात एक माणूस जी भाषा गात होता तिला दोन-दोन नावं होती आणि त्याचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं ते रकाने आल्यावर.

बऱ्हाणपूरहून दक्षिणेला, विजापूरच्या सूफी परंपरेत, पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत एक प्रकार फोफावला, 'चक्कीनामा'. म्हणजे जात्यावर दळताना बायकांनी म्हणायची दखनी गाणी. तसाच सूत कातताना म्हणायचा 'चरखानामा'. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने 1978 च्या आपल्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात यांचा फार चांगला शोध घेतला आहे. जात्याचा दांडा म्हणजे अलिफ, मधली खीळ म्हणजे पैगंबर, अशा उपमांतून या गाण्यांनी अल्लाह, रसूल आणि पीर यांचं नातं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. ईटन यांचं म्हणणं असं की दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लाम पसरला तो मोठमोठ्या ग्रंथांनी नाही, तर दळणाकांडणाच्या या गाण्यांनी. आईनं दळता दळता म्हटलं, मांडीवरच्या पोरानं ऐकलं.

हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, दादीचा धागा सापडला. पुढे लक्षात आलं की धागा आहे, पण सरळ नाही. चक्कीनामे बायकांसाठी असले तरी रचले ते पुरुषांनी, खानकाहमध्ये बसून. त्यांना काहीतरी शिकवायचं होतं. दादीच्या ओवीत शिकवण नव्हती. पीर यायचा तो मुरीद करून घ्यायला नाही, तिच्या मुलाचा ताप उतरवायला. अलिफबिलिफ काही नाही. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, न आलेलं पत्र. तिचं जातं चक्कीनाम्यापेक्षा पाटलीणबाईंच्या जात्याच्या जवळचं होतं. मुसलमान बाईचं गाणं म्हटलं की त्यात इस्लाम शोधायचा, ही अभ्यासकांची सवय आहे आणि आपलीही. सापडला नाही तर आपण कसनुसे होतो.

आमच्या दिशेला आणखी एक कवयित्री आहे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, आणि आमच्या घरातले म्हातारे शेवटपर्यंत एदलाबादच म्हणायचे. तिथल्या मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. रागावून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला बाहेर बोलावणाऱ्या तिच्या अभंगांची गोष्ट दादीला माहीत होती, पण तिच्या तोंडी ती अशी होती: "भाई रूठ के बैठा, तो भैन ने उसकू गा के मनाया." संत, समाधी, योग काही नाही. एक रुसलेला भाऊ आणि गाणारी बहीण. ही गोष्ट सांगताना तिला मुंबईचा भाऊ आठवत असेल का, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

बारावीनंतर मी जळगावला शिकायला गेलो. तिथे एका कविसंमेलनात कविता वाचली. नंतर एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" ज्या मराठी वाचकाचं आडनाव कुलकर्णी किंवा पाटील आहे त्याला या वाक्यात काय बोचतं ते कळायला वेळ लागेल. ज्याचं शेख किंवा पिंजारी आहे त्याला सांगावं लागणार नाही. त्याच वर्षी भुसावळकडे एका मुशायऱ्यात, उत्साहाच्या भरात, मी एक उर्दू नज्म वाचली. माझ्या 'क़ाफ़'चा 'काफ' झाला. पुढच्या रांगेत दोघे एकमेकांकडे पाहून हसले. एकानं विचारलं, "मियाँ, घर में मराठी चलती है क्या?"

दोन्हीकडे मी पाहुणाच. पुढे पुष्कळ दिवस मी कविता लिहिली नाही.

अशा वेळी आपण मुस्लिम मराठी लेखक एक यादी काढतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम'. सतराव्या शतकात गीतेवर मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान. 'सिद्धांतबोध' लिहिणारे शहामुनी. पेशवाईतले शाहीर सगनभाऊ. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजानं मैदानं भरली ते बार्शीचे अमर शेख. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि यू. म. पठाण यांनी आयुष्यभर हे काम केलं. 1990 मध्ये पठाण सर पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हाला आमच्याच घरचं कुणी बसल्यासारखं वाटलं होतं. ही यादी खरी आहे, मोलाची आहे, मीही ती अनेकदा व्यासपीठावरून म्हटली आहे. पण आता ती म्हणताना मला चावडीवर रहिवासी दाखला काढायला आल्यासारखं वाटतं. बघा साहेब, चारशे वर्षांपासून राहतो आहोत. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' काही दाखला म्हणून लिहिला नव्हता. आणि आज त्यांच्या स्थानाला देऊळ म्हणायचं की दर्गा, यावर श्रीगोंद्यात वाद घातला जातो. तिथेही पुन्हा रकानाच आडवा येतो.

शब्दांनाही यातून सुटका मिळालेली नाही. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक. 1925 मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश केला, 1933 मध्ये 'गज्जलांजली' काढून मराठीत गझलेचं दार उघडलं. तेच पटवर्धन पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत उतरले आणि मराठीतून फारसी-अरबी शब्द वेचून काढायच्या बाजूनं लिहू लागले. गझल ठेवायची आणि तिच्या माहेरची माणसं दारातून परत पाठवायची! मला त्यांचा राग येत नाही, कोड्यात मात्र पडतो. सुरेश भटांनी नंतर गझल महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. सांगली जिल्ह्यातल्या दूधगावचे इलाही जमादार ती मराठीत लिहीत राहिले आणि ऐकणाऱ्यांनी दाद देताना त्यांच्याकडे दाखला मागितला नाही. मैफिलीत एवढं तरी होतं. शेराला दाद जाते तेव्हा क्षणभर कुणी कुणाचं नाव विचारत नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 30 लाख मुसलमान मोजले गेले. उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे 75 लाख. जवळजवळ सगळे उर्दू सांगणारे मुसलमान धरले तरी 50 लाखांहून अधिक मुसलमानांनी दुसरं काहीतरी सांगितलं आहे. मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती, आणखी काय काय. त्याच जनगणनेत 'खानदेशी' ही वेगळी भाषा मोजली गेली आणि ती सांगणारे 18 लाखांवर निघाले. आमची तावडी तिच्यात धरायची की मराठीत, यावर भाषातज्ज्ञ बोलतील. मला हे आकडे पाहताना एवढंच वाटतं की प्रत्येक आकड्यामागे एक ओसरी असेल, एक खाट, आणि थोडा वेळ थांबलेलं एक पेन.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

बोदवडहून तास-दीड तासावर, जळगावजवळ, आसोदे गाव आहे. 1880 मध्ये तिथे बहिणाबाई जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. लवकर वैधव्य आलं. शेतात काम करताना, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणं रचायच्या. त्यांचे मुलगे सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं काही लिहून ठेवलं. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी, जे स्वतः नावाजलेले कवी होते, ती वही संकोचत आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ते सोनं आहे हे ओळखलं, आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते, बहिणाबाईंची म्हणून. मी ती सोपानदेवांची म्हणून वाचतो. ज्या मुलाला आईचं गाणं लिहून घ्यावंसं वाटलं त्या मुलाची. बहिणाबाईंइतक्या प्रतिभेची बाई गावागणिक नसते, हे मला मान्य आहे. माझी दादी बहिणाबाई नव्हती. पण तिचं जे काही होतं ते नोंदवायला घरात एक पोरगा होता, त्याला मराठी लिहिता येत होतं, कवितेचं बक्षीस मिळालेलं होतं, आणि जातं त्याच्या अंथरुणापासून दहा फुटांवर होतं. तो डोक्यावर उशी दाबून झोपायचा.

का लिहिलं नाही? सुरुवातीला वाटायचं, ही कसली कविता, बायकांचं रडगाणं. मग जळगावहून सुट्टीत येऊ लागलो तेव्हा गावात नवी धार्मिक हवा होती. एका पाहुण्यानं अब्बांना सांगितलं की हे ओव्याबिव्या गाणं आपल्यात बरं नाही, त्याऐवजी तस्बीह ओढावी. दादीनं ऐकलं. उत्तर दिलं नाही. ती तस्बीहही ओढायची आणि ओवीही म्हणायची, तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती. अडचण मला दिसत होती. एकीकडे तिचं मराठी मला पुरेसं शुद्ध वाटत नव्हतं आणि दुसरीकडे तिचं मुसलमान असणं पुरेसं पक्कं वाटत नव्हतं. दोन्ही सभांत माझ्यावर जे हसले होते त्यांचीच मापं मी घरी आणून तिला लावली. 1994 च्या पावसाळ्यात ती गेली. जातं अंगणात पालथं पडलं.

हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ हे दोघे जण त्याच काळात, ऐंशीच्या दशकापासून, महाराष्ट्रातल्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा करत फिरत होते. सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगरांतून झाली आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आता त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. मी तिथे तासन् तास ऐकत बसलो आहे. एखादी बाई 'बंधू' म्हणते तेव्हा अंगावर काटा येतो. पण तो बंधू मलकापूरच्या वाटेनं येत नाही.

दादीची मला दीड ओळ आठवते. ती इथे लिहीत नाही, कारण ती तिचीच आहे की शाळेच्या पुस्तकातून माझ्या डोक्यात शिरून तिच्या आवाजात बसली आहे, याची मला खात्री नाही.

गेल्या हिवाळ्यात फुफी घरी आली. ऐंशीच्या पुढं वय, गुडघे गेलेले. मी तिला म्हटलं, अम्मा काय म्हणायची ते आठवतं का? ती म्हणाली, "ऐसे नहीं याद आता रे. हात फिरना लगता." मग अंगणातलं जातं आम्ही दोघा-तिघांनी उचलून आत आणलं. धुतलं. खुंटा नव्हताच, भावानं जुन्या खाटेचा पाय तासून ठोकला. टाकी लावणारं आता कुणी गावात येत नाही, त्यामुळे दगड गुळगुळीत, दळण पडेना. फुफी म्हणाली, चालेल, मला पीठ कुठे हवंय. मूठभर दादर ज्वारी टाकून ती फिरवत राहिली. पाच-सात मिनिटं नुसतं फिरवलं. मग आली. पहिली अर्धी, दुसरी पूर्ण, मग एकापाठोपाठ अकरा. मधेच ती थांबली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तेरा दादा सोया रहता था न, इसलिए अम्मा हलू आवाज में गाती थी." मला वाटायचं की ती फार मोठ्यानं गाते.

मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रित झालं. माझी भाची उर्दू माध्यमात नववीला आहे. तिनं हट्ट धरला की हे मी लिहून काढणार. देवनागरी तिला वाचता येते, पण हाताला सवय उर्दू लिपीची, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहू लागली. 'बंधू' लिहिलं, 'मलकापूर' लिहिलं, सुरळीत चाललं होतं. तिसऱ्या ओवीत 'कळणा' आला आणि ती अडली. तिच्या लिपीत 'ळ' नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी फुफीकडे. फुफीला दोन्ही लिप्या येत नाहीत. ती म्हणाली, "मैं फिर से बोलती, सुन के लिख," आणि तीन वेळा म्हणाली, कळणा, कळणा, कळणा.

भाचीनं थोडा वेळ विचार केला. मग तिनं 'लाम' काढला आणि त्याच्या खाली आपल्या मनानं एक टिंब दिलं.